मागे राहिलेला नगरकर

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले आणि त्यांनी आमच्या पूर्वजांना वाचायची सवय लावली. त्याची फळं अमेरिकेलाही कधीतरी भोगावी लागणारच होती. लेकीकडे शिकागोच्या उपनगरात उन्हाळा काढायला गेलो, तेव्हा तिच्या चर्चमधल्या वाचकगटानं मला चर्चेला बोलावलं. निवृत्त मराठी मास्तरला कुणी 'दोन शब्द बोला' म्हटलं की तो आधी होकार देतो आणि मग विषय विचारतो. विषय होता, लोकप्रिय धार्मिक कादंबऱ्या विश्वासाला पोषक की मारक?

वाद दोन पुस्तकांवरून पेटला होता. एक विल्यम पॉल यंग यांचं 'द शॅक'. यंग यांनी ते स्वतःच्या मुलांसाठी लिहिलं आणि २००५ च्या नाताळात पंधरा प्रती छापून घरच्यांना आणि मित्रांना वाटल्या. प्रकाशकांनी नाकारल्यावर २००७ मध्ये मित्रांनीच ते काढलं, आणि पुढे एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. लेकीचा खून झालेल्या बापाला त्यात देव भेटतो. पिता म्हणजे स्वयंपाकघरात रमलेली एक कृष्णवर्णीय बाई, आणि पवित्र आत्मा म्हणजे सरयू नावाची आशियाई स्त्री. हे ऐकून आमची ही म्हणाली, "अगंबाई, सरयू? आमच्या शाळेत होती एक." युजीन पीटरसन यांच्यासारख्या नामांकित पाळकानं या पुस्तकाची तुलना बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'शी केली. अल मोहलर यांच्यासारख्या धर्मपंडितांनी मात्र त्यातली शिकवण धोक्याची ठरवली.

दुसरं 'लेफ्ट बिहाइंड', टिम लाहाय आणि जेरी जेंकिन्स यांचं. १९९५ पासून सोळा खंड, खप सहा कोटींच्या वर. यात रॅप्चर होतं, म्हणजे खरे विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातात आणि बाकीचे खाली ख्रिस्तविरोधकाच्या तावडीत सापडतात. चालत्या विमानातून माणसं नाहीशी होतात आणि आसनांवर त्यांचे कपडे, चष्मे, अंगठ्या तेवढ्या उरतात. या पुस्तकाबद्दल गटातल्या कर्मठांची तक्रार नव्हती. शास्त्राला धरून आहे म्हणे.

मी दोन्ही वाचली नव्हती. पण भाषण तयार होतं. बनियनपासून सुरुवात. १६७८ साली आपलं रूपक छापण्यापूर्वी त्यानं मित्रांना विचारलं, तर काही छाप म्हणाले, काही नको म्हणाले. हे त्यानं स्वतःच पुस्तकाच्या आरंभी पद्यात सांगून ठेवलंय. मग सी. एस. लुईस. त्याच्या सैतानी पत्रांची मालिका एका चर्च-साप्ताहिकात चालू असताना एका पाळकानं वर्गणी बंद केली, कारण त्यातला सल्ला त्याला सैतानी वाटला. आणि शेवटी हुकमाचं पान, आमचे बाबा पद्मनजी. १८५७ चं 'यमुनापर्यटन', मराठीतली पहिली म्हणून ओळखली जाणारी कादंबरी, हिंदू विधवांच्या हालांवरची, आणि लिहिणारा ख्रिस्ती. म्हणजे धार्मिक कादंबरी वाईट म्हणावी तर मराठी कादंबरीच्या पाळण्यालाच हात घालावा लागतो. हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

चर्चेच्या आदल्या दुपारी मात्र वाटलं, निदान एक पुस्तक चाळावं. शास्त्राला धरून असलेलं घेतलं.

साहित्य म्हणून ते पुस्तक सुमार आहे. माणसं पुठ्ठ्याची, संवाद तारेसारखे. पण खाली ठेवता येत नाही, हे त्याचं पाप की पुण्य ते पंडितांनी ठरवावं. त्यातला वैमानिक राहतो माउंट प्रॉस्पेक्टला, शिकागोच्याच उपनगरात, लेकीच्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर. तो घरी येतो, तर पलंगावर बायकोचा नुसता गाऊन. तिथपर्यंत आलो आणि तळघरातल्या सोफ्यावर माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा घरात चिटपाखरू नव्हतं. हाका मारल्या. वर गेलो. पलंगावर हिचा गाऊन पसरलेला, शेजारी चष्मा. चष्म्याशिवाय ही न्हाणीघरापर्यंतही जात नाही. फोन चार्जिंगला लावलेला. बाहेर धावलो, तर रस्ताभर एक माणूस नाही. गवतावर पाण्याचे फवारे आपोआप उडताहेत. (त्या रस्त्यावर एरवीही कुणी दिसत नाही, पण हे आठवायला डोकं जागेवर लागतं.) नगरला असतो तर शेजारचे गुरुजी उरलेच असते, त्यांना विचारलं असतं. ते उरले आणि मीही उरलो, तर सोबत तरी झाली असती.

ही गेली याचं आश्चर्य वाटलं नाही. जावई गेला, याचं वाटलं.

मग मी नगरला आमच्या पाळकसाहेबांना फोन लावला. तिथे रात्रीचे अडीच वाजले होते. त्यांनी उचलला. जीव भांड्यात पडला, आणि लगेच बाहेर आला. कारण कादंबरीत एक पाळकही मागे राहतो. विश्वास वरवरचा होता म्हणून! म्हणजे पाळक खाली असणं हा काही पुरावा नव्हे.

"पाळकसाहेब," मी म्हणालो, "तुमच्या सौ. घरात आहेत का?"

पलीकडे शांतता.

"जरा बघून सांगता?"

"मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीचं राहू द्या. मातोश्री तरी आहेत का?"

मातोश्री हा निर्णायक मुद्दा होता. वर न्यायचं ठरलं तर पहिल्या खेपेत त्यांचा नंबर, याबद्दल आमच्या मंडळीत दुमत नाही. पंचांच्या सभेत तेवढ्या एकाच बाबतीत नसतं. पाळकसाहेब उठून गेले, परत आले आणि म्हणाले, "घोरताहेत." इतकं शुभवर्तमान मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. तेवढ्यात दार उघडलं आणि सगळी वरात आत आली. मॉलमध्ये सेल होता. हिच्या डोळ्यांवर नवा चष्मा.

संध्याकाळपर्यंत लेकीला नगरहून दोन फोन आले, पप्पांची बीपीची गोळी चुकली का म्हणून. येत्या उपासनेत माझ्यासाठी विशेष प्रार्थना ठेवल्याचंही कळलं.

दुसऱ्या दिवशी चर्चेत सुरुवातीला उभे राहिले एक उंच गृहस्थ. त्यांच्या बायबलच्या पानापानावर रंगीत चिठ्ठ्या. 'द शॅक'मध्ये पित्याच्या मनगटावर वधस्तंभाचे व्रण दाखवलेत, हे अशास्त्रीय. न्यायाचा मुद्दा गुळगुळीत केलाय, हे धोक्याचं. मुद्दे बिनतोड होते. मग मागच्या रांगेतल्या एक बाई बसूनच बोलल्या. मुलगा गेल्यावर त्यांनी चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं. बहिणीनं हे पुस्तक दिलं, आणि त्यातल्या देवावर त्यांना मनसोक्त ओरडता आलं. शिकवण कुठे चुकली ते तुम्ही सांगा, म्हणाल्या, मी नंतर दुरुस्त करून घेईन. चिठ्ठ्यांवाले त्यावर काही बोलले नाहीत. मलाही बाईंचंच पटलं, कारण चुकीच्या देवाशी भांडायला आलेली बाई तिथे हजर होती आणि बरोबर देवाच्या पुस्तकानं मी मध्यरात्री पाळकाच्या बायकोची चौकशी केली होती.

माझी पाळी आली. मी "१६७८ साली" एवढंच म्हणालो आणि पुढच्या रांगेतून नातू ओरडला, "आजोबा, ती रॅप्चरची गोष्ट सांगा ना!" इंग्रजीत ओरडला, हे दुर्दैव. गोष्ट त्यानंच सांगितली, मातोश्रींच्या घोरण्यासकट आणि आवाजासहित.

हसू ओसरल्यावर चिठ्ठ्यांवाले पुन्हा उठले. लहानपणी त्यांना चर्चच्या तळघरात 'अ थीफ इन द नाइट' दाखवला होता. १९७२ चा रॅप्चरपट. त्यानंतर शाळेतून आले, तर चुलीवर भांडं उकळतंय आणि आई नाही. ते रडत शेजारच्या घरी पळाले. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. मग दुसऱ्यानं आपली गोष्ट सांगितली, तिसरीनं तिची. कुणी आजीला फोन केला होता, कुणी रेडिओ लावून पाहिला होता. पोषक की मारक हा ठराव कुणी मांडला नाही आणि बाबा पद्मनजी माझ्या खिशातच राहिले.

जाताना चिठ्ठ्यांवाल्यांनी त्या बाईंकडून 'द शॅक' वाचायला मागून घेतलं. चुका काढण्यासाठी, असं दोनदा सांगून.

मी ग्रंथालयातून 'लेफ्ट बिहाइंड'चा दुसरा खंड आणलाय. भिकार आहे. दिवसाउजेडीच वाचतो, आणि घरात निदान दोन माणसं असताना. त्यातलं एक ही असावी लागते. जावई धरत नाही.