फँटम पॉवर : एक आग्रहशास्त्र

घरातली एक खोली ‘स्टुडिओ’ म्हणून जाहीर केलेल्या, पण तिथली इस्त्रीच्या कपड्यांची चळत हलवण्याइतके घरात वजन नसलेल्या सर्व संगीतप्रेमींसाठी हे मार्गदर्शन आहे. अशा गृहस्थाकडे दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस असतो, गाण्यासाठी एक कंडेन्सर माइक असतो आणि इंटरफेसवर ‘४८ व्ही’ असे लिहिलेले एक बटण असते. ते दाबले की लाल दिवा लागतो. लाल दिव्याने रेकॉर्डिंगला भारदस्तपणा येतो अशी समजूत असल्यामुळे पुष्कळ जण तो चोवीस तास चालू ठेवतात. शास्त्राला हे मान्य नाही.

प्रथम कुलवृत्तान्त. १९६६ साली नॉयमन या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम ८४ हा माइक दिला. माइकच्याच केबलमधून त्याला वीज पुरवायची होती; तिचेच नाव फँटम पॉवर. नॉर्वेत हिवाळ्यात दिवस नावापुरता उगवतो, त्यामुळे रेडिओच्या स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच वापरली गेली आणि पुढे तेच प्रमाण ठरले. म्हणजे डोंबिवलीत एखादा गवई अभंगाआधी हे बटण दाबतो, त्याचे मूळ नॉर्वेच्या अंधारात आहे. ‘अठ्ठेचाळीसच का?’ असे घरात कुणी विचारले तर एवढे सविस्तर सांगावे. पुढचा प्रश्न येत नाही.

आता वर्तणूक. फँटम पॉवर ही पंगतीतल्या आग्रही वाढप्यासारखी असते. एक्सएलआरच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांवर, प्रत्येकी सुमारे ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून, ती सारखेच ४८ व्होल्ट वाढते; एक नंबरची पिन ही परतीची वाट. कंडेन्सर भुकेलाच असतो, तो निमूट घेतो. डायनॅमिक माइकची कॉइल दोन आणि तीनच्या मध्ये बसलेली असते. दोन्ही टोकांना दाब सारखा, मग वीज वाहणार कशाला? तो पानावर आडवा हात धरतो आणि सुखरूप राहतो. फँटम दिल्यावर डायनॅमिकचा आवाज ‘खुलतो’ असे सांगणारे जाणकार भेटतात. त्यांना विरोध करू नये. अडीअडचणीला केबल त्यांच्याकडेच मिळते.

खरा घोळ पंगत मिश्र असल्यावर होतो. स्वस्त इंटरफेसवर दोन्ही इनपुटांना मिळून एकच बटण असते. गायकाच्या कंडेन्सरसाठी ते दाबले की शेजारच्या पाहुण्यालाही विचारपूस न करता वाढले जाते. तो पाहुणा जुना रिबन माइक असेल तर काळजी घ्यावी. केबल धड असेल तर त्यालाही सहसा काही होत नाही. पण सोल्डरिंग सुटून एखादी पिन जमिनीला टेकली, की समतोल मोडतो, सुमारे ७ मिलिअँपिअर एकाच बाजूने धावतात आणि काही मायक्रॉन जाडीची रिबनमधली अॅल्युमिनियमची पट्टी ताणली जाते. दोष केबलचा असतो, नाव मात्र फँटमचे खराब होते. यासाठी रिबन लावण्यापूर्वी केबल मल्टिमीटरने तपासावी. मल्टिमीटर नसेल तर रिबन लावू नये.

याहून थोर संकट म्हणजे अॅडॉप्टर. इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटमध्ये मधले मोठे छिद्र पी-३८ पिनेसाठी असते आणि भोवतीची तीन एक्सएलआरसाठी. बहुतेक इंटरफेसवर ४८ व्होल्ट फक्त त्या तिनांवर येतात. म्हणून कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मधल्या छिद्रात लावला तर तो सुरक्षित. पण सुखासुखी मधले छिद्र वापरील तो गृहस्थ कसला! तो लॅमिंग्टन रोडवरून एका बाजूला पी-३८ आणि दुसऱ्या बाजूला एक्सएलआर असलेली केबल आणतो, आणि तानपुऱ्याच्या आउटपुटमध्ये, म्हणजे जिथून आवाज बाहेर यायचा तिथून, ४८ व्होल्ट आत पाठवतो. काही यंत्रे हे सोसतात, काहींच्या आउटपुटमधले कपॅसिटर इतक्या व्होल्टसाठी केलेलेच नसतात. मोबाइलच्या हेडफोन जॅकलाही हाच न्याय. ज्यातून आवाज येतो त्या यंत्राला फँटम दाखवू नये. एक्सएलआरनेच जोडणे भाग असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआय बॉक्स ठेवावा. तो ४८ व्होल्ट दारातच अडवतो. अॅक्टिव्ह डीआय मात्र स्वतःच जेवायला बसतो, त्याला फँटम किंवा बॅटरी लागतेच.

कॉलर माइकला दोन ते पाच व्होल्ट पुरतात. त्याच्यासाठी व्होल्टेज उतरवणारा अॅडॉप्टर मिळतो. नुसता पिन बदलणारा अॅडॉप्टर त्याच्यासारखाच दिसतो, म्हणून दुकानात डब्यावरचे बारीक अक्षर वाचावे.

आता विधी. सर्व केबल आधी लावाव्यात. गेन शून्यावर आणावा, स्पीकर बंद करावेत, हेडफोन कानावरून काढावेत, विशेषतः दुसऱ्याच्या कानावरून. मग बटण दाबावे, काही सेकंद थांबावे आणि गेन हळूहळू वाढवावा. उतरवताना उलट क्रम : गेन खाली, बटण बंद, आणि अर्धा मिनिट तरी केबलला हात लावू नये, कारण लाल दिवा विझला तरी कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. या अर्ध्या मिनिटात चहा होत नाही, पण चहा टाका असे सांगता येते. चालू फँटमवर केबल उपसणाऱ्याला स्पीकरमधून जो धडाका ऐकू येतो, तो खालच्या मजल्यावरही ऐकू जातो.

नवा इंटरफेस घेणार असाल तर दोन्ही इनपुटांना वेगवेगळे ४८चे बटण असलेला घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. जुनाच चालवायचा असेल तर रिबन आणि कंडेन्सर एका बैठकीत लावू नका, आणि ती एक्सएलआरवाली पी-३८ केबल आजच कुणाला तरी देऊन टाका. फक्त ती कशासाठी वापरायची नाही, हे देताना सांगा.