आरोपी क्रमांक एक

हेपॅटायटिस सीच्या विषाणू,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची रीत आहे. तुला तो मिळणार नाही.

म्यानमारच्या सीमेवरून ‘नंबर फोर’ हेरॉइन मोरे या सीमेवरच्या गावामार्गे मणिपुरात उतरलं आणि १९८०च्या दशकात तिथली तरणी पोरं सुईवर गेली. पुढे एचआयव्ही सापडला, सगळ्यांची झोप उडाली, आणि तू त्याच सुईतून गुपचूप आत शिरलास. दुसऱ्याच्या भीतीआड लपणारा भेकड आहेस तू!

तुला लागतं तरी किती? वापरलेल्या सिरिंजमध्ये उरलेलं थेंबभर रक्त. प्रयोगशाळेत अशा सिरिंजमध्ये तू ६३ दिवसांपर्यंत तग धरलास. सुया वेगळ्या असल्या, तरी पूड विरघळवायचा चमचा, गाळायचा कापूस किंवा पाणी दोघांत एकच असलं की तुझं काम होतं. मग वीस-वीस वर्षं यकृतात दबा धरून बसतोस. दुखत नाही, खुपत नाही. पोटात पाणी साठेपर्यंत, रक्ताची उलटी होईपर्यंत घरच्यांना पत्ता नसतो. २०२२ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ४२ हजार माणसं तू मारलीस.

पण तुझा माज उतरलाय, हे तुला सांगायलाच हवं. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुला हुडकून काढलं. हॉटन, हार्वी ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांना २०२०चं नोबेल मिळालं, ते तुझ्यामुळे. आज बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. शंभरातले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. अमेरिकेत २०१३ साली यांतल्या सोफोसबुव्हिरची एक गोळी हजार डॉलरला होती. भारतीय कंपन्यांनी ती स्वस्त केली आणि जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

तरी तू जिवंत आहेस, कारण तुझे साथीदार बाहेर मोकळे फिरताहेत. “आधी नशा सोड, मग औषध देतो,” म्हणणारा डॉक्टर तुझा साथीदार. सुई चालू असलेल्यांवरही या गोळ्या चालतात, हे त्याला ठाऊक असायला हवं. खिशात कोरी सिरिंज सापडली म्हणून पोराला चौकीत बसवणारा शिपाईही तुझाच. दुसऱ्या दिवशी तो पोरगा रिकाम्या खिशाने निघतो आणि मित्राची सुई मागतो. आणि “आमच्या गल्लीत सुया वाटू नका” म्हणणारे शेजारी. मला सर्वांत जास्त राग त्यांचा येतो, कारण त्यांच्याच घरातलं पोरगं सुयांच्या रांगेत असू शकतं.

तुझ्यावर लस नाही. बरा झालेला माणूस पुन्हा सुई वाटून घेऊ लागला की तू परत येतोस. म्हणून गोळ्यांसोबत कोऱ्या सुया हव्यात, हेरॉइनऐवजी ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी उपचार हवेत. दोन्ही नीट मिळाले तर नव्या लागणीचा धोका जवळपास तीन चतुर्थांशाने घटतो. भारतात इंजेक्शनने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख लोक आहेत, असा २०१९चा सरकारी अंदाज आहे. त्यांच्यापर्यंत हे पोहोचवणं अशक्य नाही. त्यांना माणूस समजावं लागेल, एवढंच.

येत्या २८ जुलैला, जागतिक हेपॅटायटिस दिनी, सभागृहांत यकृत जपण्यावर भाषणं होतील. त्यांत या साडेआठ लाखांचा उल्लेखही झाला नाही, तर तुला आणखी एक वर्ष मिळालं असं समज.