आवाज मांगे शे

आमच्या साडूंशी बोलताना स्वतःच्या तोंडाची काळजी वाटायला लागते. ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, ओठांकडे बघतात. ‘काय भाऊ, बरं आहे ना?’ असं विचारलं की क्षणभर थांबतात, मान डोलावतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. ते प्रकृतीबद्दलचं नसतं. तुमचे ओठ आणि तुमचे शब्द एकाच वेळी पोचले, याबद्दलचं असतं.

शहाद्यात ते ‘कॅसेटवाले भाऊ’. पोट चालतं पपईवर, पण जीव अडकलाय लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून देण्यात. असा एक माणूस हल्ली बहुतेक मोठ्या गोतावळ्यात असतो. त्याच्या घरी टीव्ही एक आणि व्हीसीआर तीन असतात, त्यातले दोन तिसऱ्याच्या सुट्या भागांसाठी. टेबलाखाली पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं जावळ वाढलेलं असतं. जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं २०१६ च्या जुलैमध्ये थांबवलं, हे त्याला पाठ असतं. बायकोचा वाढदिवसही जुलैतच येतो, हे सांगावं लागतं. लोक त्याच्याकडे कॅसेट देताना ‘सवडीने द्या हो’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतात. पैसे कुणी देत नाही. पेढे देतात.

या व्याधीची सुरुवात भाऊंच्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटपासून झाली. तीन तासांची कॅसेट त्यांनी रात्रभर बसून कॉम्प्युटरवर घेतली आणि सकाळी सगळ्या घराला समोर बसवून लावली. हळद झकास झाली. मंगलाष्टकांपर्यंत गुरुजींचे ओठ आधी आणि ‘सावधान’ नंतर असं थोडंसं सुरू झालं, पण गुरुजी घाईत असतील, असं सगळ्यांनी मानून घेतलं. ताईंनी उखाणा घेतला तेव्हा मांडवातल्या बायका आधी हसल्या आणि नाव मागून आलं. पाठवणीला तर कहर झाला. पडद्यावर ताई आईच्या गळ्यात पडून रडताहेत आणि आवाज येतोय, ‘जिलेबी इकडे आणा, इकडे!’

घर हसून लोळलं. भाऊ हसले नाहीत. ‘आवाज मांगे शे,’ एवढंच म्हणाले, आणि ते वाक्य त्यांना कायमचं चिकटलं.

पुढचं सहा महिन्यांचं संशोधन त्यांनी मला एका जेवणात ऐकवलं होतं. वरण गार होईपर्यंत. चित्र कॉम्प्युटरमध्ये शिरतं कॅप्चर कार्डातून, आवाज शिरतो साऊंड कार्डातून, आणि दोघांच्या मनगटावर वेगवेगळी घड्याळं. त्यात दहा हजारात एक भाग जरी फरक असला, तरी तीन तासांत एक सेकंदाहून जास्त अंतर पडतं. वरून आपल्याकडचं चित्र म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, एकेक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कॅप्चर चालू असताना अँटीव्हायरसला हार्ड डिस्क तपासायची लहर आली, की एखादी फ्रेम हातची सुटते. अशा २५ सुटल्या की चित्र एका सेकंदाने आखूड. आवाज मात्र पूर्ण लांबीचा. ‘म्हणजे चित्र पळालेलं असतं. लोक बोल लावतात बिचाऱ्या आवाजाला,’ हे सांगताना भाऊंचा गळा दाटून आला होता.

तेव्हापासून ते वैद्यासारखे झाले. कॅसेट उतरवली की नाडी तीन ठिकाणी बघायची: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. तिन्हीकडे फरक सारखा असेल तर दुखणं साधं, सगळा आवाज तेवढा पुढे सरकवला की झालं. फरक हळूहळू वाढत जात असेल तर घड्याळांचं भांडण. मग आवाजाची पट्टी चित्राच्या लांबीला ताणून किंवा आवळून बसवायची. आणि मध्येच एका जागी उडी असेल तर फ्रेम गळल्यात. तिथे चिरा देऊन जोडकाम. नाडी बघायला त्यांना टाळी लागते, ताशा लागतो, नारळ फुटताना लागतो. लग्नात कुणी नारळ फोडला नसेल तर भाऊ त्या कुटुंबाबद्दल मनात अढी धरतात.

कॅसेटमध्ये कोण काय बोललं, हे मात्र त्यांना कधीच ठाऊक नसतं. एका बाईंच्या दिवंगत सासऱ्यांचं शेवटचं भाषण त्यांनी चाळीस वेळा ऐकलं. बाईंनी डोळे पुसत विचारलं, ‘मामंजी काय म्हणालेत हो?’ भाऊ म्हणाले, ‘काही म्हणू द्या ताई, आता अगदी वेळेवर म्हणतात.’

तर अशा माणसाच्या हाती गेल्या हिवाळ्यात आमच्या सासूबाईंची तोरणमाळची कॅसेट आली. १९९६ च्या महाशिवरात्रीच्या यात्रेचं शूटिंग. पाठीवरच्या चिठ्ठीवर ‘तोरणमाळ, ता. अक्राणी, जि. धुळे’. नंदुरबार जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता, त्यामुळे चिठ्ठी बरोबरच. चूक निघाली आत. यशवंत तलावाच्या काठी यात्रेकरूंची एक टोळी ढोल वाजवत होती. काठी ढोलावर पडायची आणि आवाज आठ फ्रेमनंतर यायचा. सुरुवातीला आठ, शेवटीही आठ. भाऊ खूश झाले. साधं दुखणं! सगळा आवाज त्यांनी आठ फ्रेम पुढे ओढला. ढोल जाग्यावर आला आणि पुढच्याच दृश्यात चहा पिणारे सासरे तोंड उघडायच्या आधी बोलायला लागले.

मूळ आवाज परत लावला तर सासरे बरोबर, ढोल चूक. कॅसेट तीच, वायर तीच, कार्ड तेच. भाऊंनी वायर बदलली. व्हीसीआरची हेडं साफ केली. दुसऱ्याचा कॉम्प्युटर मागून आणला. अकरा वेळा कॅसेट नव्याने उतरवली आणि अकराही वेळा ढोल आठ फ्रेम मागे. जेवण कमी झालं. ताईंनी फोनवर मला विचारलं, ‘यांना कुणी बाहेरचं तर केलं नसेल?’

सासूबाई संक्रांतीला आल्या. टीव्हीसमोर बसल्या, तिळाचा लाडू फोडला आणि पडद्याकडे बघत म्हणाल्या, ‘जवाईबापू, आम्ही तळाना आलीकडे व्हतूत ना. ढोल पल्याडे व्हता.’

भाऊंचा लाडू हातातच राहिला.

गोष्ट एवढीच होती. शूटिंगवाला तळ्याच्या या काठावर उभा होता आणि त्याने झूम करून पलीकडचा ढोल पडद्यावर हाताशी आणून ठेवला होता. चित्र झूमने जवळ येतं, आवाजाला झूम नसतो. तो आपला हवेतून सेकंदाला ३४० मीटरच्या चालीने आला. आठ फ्रेम म्हणजे ३२० मिलिसेकंद, म्हणजे १०९ मीटर. बारा आठवडे भाऊ ज्याची दुरुस्ती करत होते, ते तळं होतं.

खरी गंमत पुढेच. दूरचित्रवाणीवर आवाज चित्राच्या आधी आला तर ४५ मिलिसेकंदांतच लोकांना कळतं, पण मागून आला तर १२५ पर्यंत कळत नाही, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस भाऊ वर्षानुवर्षं पंगतीत वाढप्यांनासुद्धा ऐकवत आलेत. ‘कारण वीज आधी दिसते अन् गडगडाट मागून येतो, माणसाच्या कानाला ती सवय आहे,’ हे स्पष्टीकरणसुद्धा त्यांचंच. फक्त कॅसेटमधल्या ढोलालाही तोच कायदा लागू असेल, हे त्यांच्या मनात आलं नाही. कॉम्प्युटरच्या बाहेर दोष असू शकतो, यावर या जातीच्या माणसाचा विश्वास नसतो. आणि बाहेर दोष नसून नुसतं अंतर असू शकतं, यावर तर नाहीच.

पुराव्याशिवाय ते हलणार नव्हते. आम्ही सगळे तोरणमाळला निघालो. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, शेवटी सात पायरीचा घाट. वर कडक थंडी. आधी सीताखाईवर थांबलो. तिथे पोरांनी आपापल्या नावाच्या आरोळ्या ठोकल्या, दरीने त्या परत केल्या. भाऊ स्टॉपवॉच घेऊन कठड्याशी उभे. प्रतिध्वनीच्या एका सेकंदाला समोरचा कडा १७० मीटरवर, हा हिशेब. शिवाय हवा गार असली की आवाज थोडा मंद चालतो, तेवढी वजावट. पोरांना त्यांनी तीस वेळा ओरडायला लावलं. तिसाव्या वेळी उजळलेल्या चेहऱ्याने ते माझ्याकडे वळले. ‘दर वेळेस सारखाच येतो. घसरण अजिबात नाही! असं कार्ड बाजारात मिळत नाही.’

मग तळं. सासूबाईंनी काठीने जागा दाखवली: ‘आठे.’ भाऊ तिथे उभे राहिले. काठ आत वळतो तिथे समोर एक बाई दगडावर कपडे धोपटत होती. धोपाटणं खाली आलं, पुन्हा वर निघालं, आणि ते वर असताना ‘थप्’ आमच्यापाशी पोचलं. पुन्हा खाली, पुन्हा वर, थप्. भाऊ ओठांतल्या ओठांत फ्रेमा मोजत होते. मागून ताईंनी चहासाठी दोनदा हाक मारली. त्यांनी ऐकली नाही. तिसऱ्यांदा मारल्यावर म्हणाले, ‘पोचली, पोचली. अंतर आहे ना.’ ताई चार पावलांवर होत्या.

घरी येऊन त्यांनी ढोलाच्या आठ फ्रेमा सन्मानाने परत केल्या आणि दोन रात्री शांत झोपले. तिसऱ्या रात्री पावणेबाराला माझा फोन वाजला. कॅसेटच्या चौदाव्या मिनिटाला शूटिंगवाला काठाकाठाने चालत ढोलाच्या दिशेने जातो. म्हणजे अंतर कमी व्हायला हवं. आठाच्या सात, साताच्या सहा फ्रेमा व्हायला हव्यात. मोजल्या तर शेवटपर्यंत आठच भरतात.

‘आता सांगा, भाऊ,’ ते कुजबुजले, ‘तो चालला का नुसता झूम करत होता?’

मी म्हटलं, सासूबाईंना विचारा. सकाळी कळलं की त्यांनी रात्रीच विचारलं होतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन उशीखाली ठेवून दिला.