देखभालीसाठी मार्गस्थ

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची आणि माझी फियाट १९६८ ची. म्हणजे ज्या शहराच्या पार्किंगमध्ये ती उभी असते, त्या शहरापेक्षा ती वयाने मोठी. ती शोरूममधून बाहेर पडली तेव्हा मुंबईहून वाशीला यायला खाडीवर पूलसुद्धा नव्हता. तो १९७३ चा. तेव्हा नवी मुंबईने तिला वडीलधाऱ्यांचा मान द्यावा, अशी माझी माफक अपेक्षा. सोसायटीच्या सेक्रेटरींची अपेक्षा त्याहून माफक: फरशीवर तेलाचे डाग पडू नयेत.

गाडी वालचंद हिराचंदांच्या कंपनीची. मूळ सोलापूरच्या या उद्योगपतीने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे फियाटच्या परवान्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. माझी अकराशे डिलाइट. हीच गाडी १९७४ पासून पद्मिनी म्हणून मिरवली आणि काळ्या-पिवळ्या रंगात ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईकरांना मीटरप्रमाणे फिरवत राहिली. इंजिन १,०८९ सीसी, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. हल्लीची पोरं एवढी ताकद दोन चाकांवर घेऊन पाम बीच रोडवरून सुसाट जातात.

बॉनेट उघडलं की माणसं गोळा होतात. कुणी वारलं तरी आमच्या सोसायटीत एवढी येत नाहीत. आणि प्रत्येकाच्या खिशात एक सुधारणा तयार. आयटीतला पोरगा म्हणतो, "काका, बॅटरीवर करून टाका." निवृत्त बँकवाले म्हणतात, "मारुतीचं इंजिन बसवा आणि मोकळे व्हा." आमच्या सौ.चं मत असं की इंजिनाच्या आधी मालक बदलून बघावा.

सरकार मात्र माझ्या बाजूने आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, धंद्यासाठी न वापरलेली गाडी मूळ रूपात असेल, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरं. अट एवढीच की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. थोडक्यात, गाडी १९६८ साली जशी बंद पडायची तशीच आजही बंद पडली पाहिजे.

तुर्भ्याच्या आमच्या उस्तादांना हे सांगितलं, तर ते हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत. म्हणाले, "सगळं ओरिजिनल ठेवू साहेब. पेट्रोल कुठनं आणणार?"

प्रश्न बिनतोड होता. हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलवर वाढलेलं. त्या शिशाचा पातळ थर वाल्व आणि त्याची सीट यांच्या मधे राहून ठोके सोसायचा. २००० साली ते पेट्रोल देशातून गेलं. फुप्फुसं सुटली, सीटा सापडल्या. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. म्हणजे गाडी होती तशी ठेवायची, तर तिच्यातल्या पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, पॅकिंग, सीटा हे सगळं नव्या पेट्रोलला सोसेल असं हवं. बाहेरून कुणाला कळता कामा नये.

उस्तादांनी हेड उतरवलं. खालचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. इंजिन तापलं की दोघांचं पटत नाही आणि हेड वाकतं. त्यांनी हेड उलटं करून त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली, पलीकडून बॅटरी मारली आणि मला वाकायला लावलं. पट्टीखालून, दोन सिलिंडरांच्या बरोबर मधे, उजेडाची केसाएवढी रेघ दिसत होती. "हितनं तुमचं कॉम्प्रेशन जातं," ते म्हणाले. माझा पगार नेमका कुठनं जातो, तेही तेव्हाच कळलं.

मग वाल्व घासले. पेस्ट लावायची, दांडीची रबरी चोखणी वाल्वला चिकटवायची आणि ताकाच्या रवीसारखी दोन तळहातांत फिरवायची. मधेच वाल्व उचलून बघायचं; सीटवर करड्या रंगाची अखंड गोल रेघ उमटेपर्यंत सुटका नाही. हेड मशीनवर फेस करून आणलं. फेस केलं की हेड किंचित पातळ होतं, ज्वलनाची जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. झाली सुधारणा, तीही दुरुस्तीच्या बिलात! मी आणखी थोडं घासूया का विचारलं. उस्ताद म्हणाले, "घासू की. मग वाल्व पिस्टनला भेटायला येतील."

खरी गंमत नियमांत पुढे आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. एपीएमसीतून हापूस आणणं यात बसत नाही. त्यामुळे मी किल्ली उचलली की सौ. विचारते, "आज तांत्रिक संशोधन किती डझन?" पण यादीत देखभाल घालणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरी फियाट असणार, याबद्दल मला शंका नाही. ही गाडी एक तर दुरुस्तीला निघालेली असते, नाहीतर दुरुस्तीहून परतत असते. त्यामुळे ती अष्टौप्रहर कायदेशीर आहे.

मे महिन्यात वाशीच्या सिग्नलला हवालदारसाहेबांनी हात केला.

"कुठे निघालात?"

"दुरुस्तीला."

त्यांनी हवेत नाक फिरवलं. मागे डिकीत दोन पेट्या होत्या. "काय बिघडलंय?"

मी तोंड उघडणार एवढ्यात इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. हिचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला. उन्हाळ्यात पेट्रोल कार्बोरेटरला पोचायच्या आधीच त्याची वाफ होते. मी समजावायला लागलो, पण साहेबांनी एव्हाना बॉनेट उघडून आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या रुमालावर ओतलं होतं आणि तो पंपावर नेमका गुंडाळलाही होता. "माझे वडील टॅक्सी चालवायचे," ते म्हणाले.

पाच मिनिटांनी गाडी सुरू झाली. साहेबांनी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला, समाधानाने बॉनेट लावलं आणि खिडकीशी वाकून खासगी आवाजात म्हणाले, "पण काका, मारुतीचं इंजिन का नाही बसवत?"