वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की तामलवाडीला टोलनाका लागतो. इथल्या शिवेवर जिल्हा बदलतो आणि विद्यापीठही. अलीकडे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर, पलीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा. तामलवाडीची पोरं कुठल्याही दिशेच्या एसटीत चढोत, वर्गात सूचना एकच : हा प्रश्न आयएमपी आहे, चौकट करून घ्या.

आता याच पोरांना चिकित्सक विचार शिकवायचा आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तसं लिहिलंय, शिवाय नॅकच्या फायलीला पुरावा लागतो. म्हणून कार्यशाळा. उपस्थिती अनिवार्य. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा लांबलचक परिचय. पाहुणे गरजतात, ‘प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारा!’ मागच्या बाकावरून एक हात वर होतो. सूत्रसंचालक घड्याळ बघून जाहीर करतात, वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत. मग जिओ-टॅग फोटो, अक्षांश-रेखांशासकट. विचार झाला का, हे कुणी सांगू शकत नाही. कुठे झाला, हे मात्र पक्कं.

खऱ्या प्रश्नांचा दुष्काळ आहे असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडी पोलिसांनी एमडी ड्रग्ज पकडलं आणि तुळजापूरचं प्रकरण राज्यभर गाजलं. माल येतो कुठून, घेतं कोण, इतके दिवस कुणाला कसं दिसलं नाही? समाजशास्त्राच्या वर्गाला सत्रभर पुरेल एवढा ऐवज होता हा. पण असं काही घडलं की आपली महाविद्यालयं काय करतात? रांगेत उभं करून व्यसनमुक्तीची शपथ देतात. शपथेत एक सोय असते : उजवा हात पुढेच असतो, तो वर करून शंका विचारता येत नाही.

प्रश्नाची किंमत मोजणारे विद्यार्थी या मातीला नवे नाहीत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात महादेव गोविंद रानडे यांनी निबंधात मराठी राज्याशी तुलना करून इंग्रजी अंमलावर टीका केली. प्राचार्य ग्रँट यांनी सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती रोखली. तुळजापूर तालुका निजामाच्या राज्यात होता त्या काळात, १९३८ साली, औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणायचा हट्ट सोडला नाही. बंदी आली, संप झाला, मुलं काढून टाकली गेली. त्यांना प्रवेश दिला नागपूर विद्यापीठाने. त्या मुलांमध्ये पी. व्ही. नरसिंह राव होते.

त्या शिक्षेतही एक मान होता म्हणायचा. ग्रँटसाहेबांनी निदान निबंध वाचला होता! आजच्या पेपर तपासणीच्या घाईत रानड्यांना ‘मुद्दे गाईडप्रमाणे नाहीत’ म्हणून काठावर पास केलं असतं.

आणि हे सगळं शिकवायचं कुणी? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी. तासावर मानधन, तेही महिनोन्‌महिने थकलेलं, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. ज्याला स्टाफरूममध्ये ‘सर, हे पटत नाही’ म्हणायची चोरी, त्याने वर्गात पोरांना मतभेद शिकवायचे. सरकारला चिकित्सक विचाराची एवढी तळमळ असेल तर आधी रिक्त जागा भरा. कार्यशाळेचे हार परवडतात, कायम प्राध्यापक परवडत नाही, हे गणित पोरांना न शिकवताच कळतं.

तरी प्राचार्यांना एक विनंती. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तुमच्याच महाविद्यालयाच्या हातात असतात. या सत्रात त्यातला एक प्रश्न असा काढा, ज्याचं उत्तर गाईडमध्ये नाही आणि तुम्हालाही आधी ठाऊक नाही. जो विद्यार्थी तुमचं म्हणणं खोडून काढेल, त्याला पैकीच्या पैकी गुण द्या. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

फोटो नाही काढला तरी चालेल.