बुडत्याची नवी काडी

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात. हंगाम संपला की तळाचे तीन खालच्या वर्गात ढकलले जातात, त्याला रेलिगेशन म्हणतात. वरच्या चार-पाच संघांच्या भक्तांनी पुढचे वाचू नये. ते सुखी आहेत, त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही. हे लेखन सोळाव्या ते विसाव्या पायरीवर मुक्काम ठोकलेल्यांसाठी आहे. त्यांच्यावर दर हंगामात एक प्रसंग हमखास येतो: आपल्याबरोबर गटांगळ्या खाणारा दुसरा एखादा क्लब मॅनेजरला हाकलतो आणि नवा आणतो. बुडत्याला काडीचा आधार, हे ठीकच आहे. पण शेजारी बुडणाऱ्याच्या हाती काडी लागली तर आपण कसे वागावे, यावर आपल्या शास्त्रकारांनी काही लिहून ठेवलेले नाही. ती उणीव इथे भरून काढत आहे.

लेखकाचा अधिकार असा. मी १९९५ पासून एव्हर्टनचा आहे. लिव्हरपूलकडे डॉक्टरकी करणाऱ्या मामांनी त्या वर्षी कोल्हापूरला एव्हर्टनचा एक निळा मफलर पाठवला आणि मी अडकलो. त्याच वर्षी एव्हर्टनने एफए कप जिंकला. त्यानंतर एकही मोठा करंडक जिंकलेला नाही. मफलर अजून आहे.

प्रतिपक्षाची ओळखही करून देतो. तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शिकायला एक वर्ष लीड्सला होता. येताना पदवी आणि लीड्स युनायटेड अशा दोन्ही गोष्टी घेऊन आला. पदवीचा उपयोग झाला.

कलम १. बातमी कळताच हसू नये.

३ मे २०२३, बुधवार. लीड्सने हावी ग्रासियाला काढून सॅम अ‍ॅलर्डाइसला आणले. चार सामने उरले होते. लीड्सचे गुण ३०, आमचे २९. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, बिग सॅम!" सव्वासहा फुटी गडी. त्याला काडी म्हणायला जीभ रेटेना, ओंडकाच तो. मी हसलो. हसायला नको होते.

का नको, हे लेस्टरकडून शिकावे. जुलै २०१५ मध्ये त्यांनी क्लाउडिओ रानिएरीला नेमले. हा गृहस्थ त्याआधी ग्रीसचा प्रशिक्षक होता आणि फेरो बेटांसारख्या चिमुकल्या संघाकडून घरच्या मैदानावर हरल्यावर त्याला नारळ मिळाला होता. सगळे हसले. लेस्टरचाच सुपुत्र गॅरी लिनेकर यानेही जाहीरपणे भुवया उंचावल्या. पुढच्या मे महिन्यात लेस्टर विजेता ठरला. हंगामाच्या आरंभी त्यांच्यावर सट्टेवाल्यांनी पाच हजारास एक असा भाव लावला होता. लिनेकरला दिलेल्या शब्दाखातर टीव्हीवर चड्डीत बसून कार्यक्रम सादर करावा लागला. हसण्यापूर्वी आपल्या कपाटात काय आहे ते तपासावे.

कलम २. हसून झालेच असेल, तर लगेच घाबरावे.

कलम ३. काडीची जात ओळखावी.

(अ) बंबवाला. आग लागल्यावरच याला बोलावतात. अ‍ॅलर्डाइस या जातीचा मूळपुरुष. २०१६ मध्ये त्याने सुंदरलंडला वाचवले, २०१७ मध्ये क्रिस्टल पॅलेसला. २०२१ मध्ये वेस्ट ब्रॉम त्याच्या हातून खाली जाईपर्यंत प्रीमियर लीगमधून त्याचा एकही संघ घसरला नव्हता. त्याची पद्धत साधी: मागे दार लावायचे, पुढे लांब चेंडू मारायचा आणि कॉर्नरवर सगळे उंच गडी गोलसमोर उभे करायचे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसणाऱ्या आमच्या पेठेतल्या कोणत्याही आजोबांनी हेच सांगितले असते, आणि फुकट सांगितले असते.

इथे थोडे खाजगी बोलतो. हा बंबवाला आमच्याकडेही होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये आला तेव्हा आम्ही तेराव्या स्थानावर होतो, त्याने आठवे आणले. तरी आम्ही त्याच्या नावाने बोटे मोडत होतो. खेळ बघवत नाही, आमच्या परंपरेला शोभत नाही वगैरे. शेवटी क्लबनेच चाहत्यांकडे प्रश्नावली पाठवून मॅनेजरला दहापैकी किती गुण देता असे विचारले. हंगाम संपताच त्याला घालवले. त्या वेळच्या आमच्या परंपरेबद्दल आता काय बोलावे? २०२३ च्या मे महिन्यात कोणी आठवा क्रमांक देतो म्हणाले असते, तर मी सत्यनारायण घालून प्रसाद लीड्सलाही पाठवला असता.

(आ) घरचा माणूस. गावाचा लाडका, भिंतीवर चित्रे असलेला. २००९ च्या एप्रिलमध्ये न्यूकॅसलने अ‍ॅलन शिअररला बोलावले. आठ सामने, एक विजय, पाच गुण, रेलिगेशन. लाडक्या माणसाला संकटात बोलावू नये, लग्नाला बोलावावे. पण हीच जात कधी उलटतेही. मार्च २०२३ मध्ये पॅलेसने क्रॉयडनमध्येच जन्मलेल्या ७५ वर्षांच्या रॉय हॉजसनला परत आणले. आम्ही सगळ्यांनी त्याच्या वयाची टवाळी केली. त्याने पहिले तीनही सामने जिंकले.

(इ) परदेशी वैदू. फेब्रुवारी २०१४ मध्ये फुलहॅमने जर्मनीहून फेलिक्स मागाथला आणले. दुखऱ्या मांडीला दारूत भिजवलेले चीज लावून बघ असा सल्ला त्याने दिला, हे त्याचा नॉर्वेजियन बचावपटू ब्रेडे हँगेलंडने नंतर सांगितले. आमच्या घरी आंबेहळदीचा लेप लावतात, त्यामुळे मला व्यक्तिशः यात काही वावगे दिसले नाही. फुलहॅम मात्र खाली गेला.

कलम ४. मॅनेजरकडे पाहू नये, वेळापत्रकाकडे पाहावे.

हे एक कलम कापून ठेवा, बाकीची टाकली तरी चालतील. हॉजसनच्या तीन विजयांची चमत्कार म्हणून पूजा झाली. वेळापत्रक कोणी उघडले नाही. आधीच्या मॅनेजरच्या, पॅट्रिक व्हिएराच्या वाट्याला २०२३ मध्ये बहुतेक बलाढ्य संघ आले होते. हॉजसनच्या वाट्याला आधी आले लेस्टर, लीड्स आणि साउदॅम्प्टन. हंगाम संपल्यावर खाली गेले ते नेमके हेच तिघे.

बास टेर वेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्समधल्या १९८६ ते २००४ या काळातील लीगचा अभ्यास केला. घसरत्या संघांनी मॅनेजर बदलला तरी ते सावरतात आणि न बदलणारेही जवळपास तितकेच सावरतात, असे त्यात आढळले. पावसासाठी बेडकाचे लग्न लावले तरी पाऊस येतो, न लावले तरी येतो. लावणारे मात्र ते जूनच्या तोंडावरच लावतात.

तेव्हा अ‍ॅलर्डाइस आला म्हटल्यावर मी त्याचा इतिहास बघत बसायला नको होते. त्याचे चार सामने बघायचे: मँचेस्टर सिटी, न्यूकॅसल, वेस्ट हॅम, टॉटनहॅम. त्यातली सिटी त्या वर्षी तीन करंडक उचलायला निघालेली. हे कळायला मला पाच मिनिटे लागली. तरी रात्री दोन वाजता मी वहीवर लीड्सला सात गुण मिळवून देत होतो आणि आपण कसे बुडतो ते पुन्हा पुन्हा मांडून पाहत होतो. बायकोने विचारले, "हप्त्यांचा हिशोब करताय का?" मी हो म्हणालो.

कारण एव्हर्टन १९५४ पासून सलग सर्वांत वरच्या वर्गात आहे. १९९४ ला शेवटच्या दिवशी वाचलो, १९९८ ला शेवटच्या दिवशी वाचलो. २०२२ ला पॅलेसविरुद्ध दोन गोलांनी मागे पडून ३-२ असे वाचलो. चार पिढ्यांनी जपलेला माठ आपल्याच हातून फुटतो की काय, ही ती धास्ती. मॅनेजर लीड्सचा बदलला होता, पोटात गोळा माझ्या आला होता.

कलम ५. आपल्या काडीला काडी म्हणू नये.

आम्ही ३० जानेवारी २०२३ ला फ्रँक लॅम्पार्डच्या जागी शॉन डायश नेमला. ती दूरदृष्टी होती. पहिल्याच सामन्यात अव्वल क्रमांकावरच्या आर्सेनलला आमच्या टार्कोव्स्कीच्या हेडरवर १-० हरवले, तो दूरदृष्टीचा पुरावा. त्या रात्री मेहुणा म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस, दाजी." मी त्याला हलक्या मनाचा म्हटले. तीन महिन्यांनी तेच वाक्य मी त्याला ऐकवले आणि त्याला वास्तववाद म्हटले.

कलम ६. नव्या मॅनेजरची पत्रकार परिषद ऐकू नये.

अ‍ॅलर्डाइसने पहिल्याच दिवशी सांगून टाकले की फुटबॉलच्या ज्ञानात गार्डिओला, क्लॉप, आर्टेटा या बड्या मॅनेजरांपैकी कोणीही त्याच्या पुढे नाही. मेहुण्याने ही चित्रफीत मला तीनदा पाठवली. मी ती अकरा वेळा पाहिली. आत्मविश्वास संसर्गजन्य असतो, पण तो चाहत्यांना होतो, खेळाडूंना नाही.

कलम ७. सासुरवाडीच्या पंगतीत हा विषय काढू नये. सासूबाई वाढताना थांबतात.

कलम ८. शेवटचा दिवस.

२८ मे २०२३, रविवार, आपल्याकडचे रात्रीचे नऊ. सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात. मी सासुरवाडीला होतो आणि टीव्ही आयपीएलच्या अंतिम सामन्याला वाहिलेला होता. वरुणराजाने कृपा केली. अहमदाबादला असा पाऊस कोसळला की नाणेफेकसुद्धा झाली नाही. झाकलेल्या खेळपट्टीकडे तासभर पाहून सासरे कंटाळले आणि रिमोट माझ्या हाती आला. आयुष्यात सासऱ्यांकडून मिळालेला हा सर्वांत मोठा अहेर.

टीव्हीवर एव्हर्टन-बोर्नमथ, मेहुण्याच्या फोनवर लीड्स-टॉटनहॅम. दुसऱ्याच मिनिटाला हॅरी केनने लीड्सवर गोल केला. मेहुणा काही बोलला नाही. मध्यंतराला आमचे ०-०, तिकडे आमच्याबरोबरच गटांगळ्या खाणारे लेस्टर आपल्या सामन्यात पुढे, म्हणजे आम्ही अठरावे, म्हणजे खाली. वहीतले सगळे हिशोब लीड्सवर केले होते आणि मारायला निघाले लेस्टर. ५७ व्या मिनिटाला अब्दुलाये दुकुरेने पेटीबाहेरून असा फटका हाणला की मी सोफ्यावर उभा राहिलो. पुढे भरपाईची दहा मिनिटे. ती कशी गेली हे मला सांगता येणार नाही, मी स्वयंपाकघरात होतो.

एव्हर्टन ३६, लेस्टर ३४, लीड्स ३१. बिग सॅमच्या चार सामन्यांतून लीड्सला एक गुण मिळाला.

मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? बाहेर आलो तर मेहुण्याने फोन पालथा ठेवला होता आणि तो आमच्याच सामन्याची शेवटची शिट्टी ऐकत बसला होता. म्हणाला, "वाचलात, दाजी." आणि ताटावर जाऊन बसला. इतके दिवस पाठ करून ठेवलेले एक झणझणीत वाक्य माझ्याजवळ होते. ते मी वरणाबरोबर गिळले.

कलम ९. उद्यापन.

नवी काडी आलेल्या शेजाऱ्याला मनापासून शुभेच्छा द्याव्यात. हे चांगुलपणाचे नाही, व्यवहाराचे आहे. लीड्सने २०२५ मध्ये १०० गुण मिळवून चॅम्पियनशिप, म्हणजे तो खालचा वर्ग, जिंकली आणि ते परत वर आले. नव्या हंगामातला त्यांचा पहिला सामना १८ ऑगस्टला एलंड रोडवर, आमच्याशीच. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. ८४ व्या मिनिटाला पेनल्टी, लुकास न्मेचाचा गोल, लीड्स १, एव्हर्टन ०. चेंडू हाताला लागला म्हणून पंचांनी ज्याला दोषी धरले तो टार्कोव्स्की, कलम ५ मधला आमच्या दूरदृष्टीचा पुरावा.

अडीचच्या सुमाराला फोन वाजला. "दाजी, झोपला नाहीत ना?"

म्हणून वाचकांना एवढीच विनंती: ताटावरचे बोलणे जपून करा. संघ खाली जातो, वर येतो. मेहुणा कुठेही जात नाही.