बाळाच्या काखेतला हात

गेल्या वर्षी, म्हणजे मे २०२५ मध्ये, धुळ्याला आमच्या सासरच्या गल्लीच्या तोंडाशी दहा बाय आठचा एक फ्लेक्स लागला. मधोमध आमचा धाकटा. डोक्यावर फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल. गॉगल खरा नव्हे, दुकानातल्या पोऱ्याने संगणकावर चढवलेला. वर लाल-पिवळ्या अक्षरांत ‘छोटे सरकार यांना प्रथम वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’ आणि खाली ‘दिलदार व्यक्तिमत्त्व’. व्यक्तिमत्त्वाला तेव्हा चार दात होते आणि आदल्या दिवशी गिळलेलं शर्टाचं बटण अजून बाहेर यायचं होतं. दिलदार म्हणाल तर आहे. स्वतःच्या तोंडातलं ओलं बिस्कीट काढून समोरच्याच्या तोंडात घालतो.

फ्लेक्सवर चेहरे सत्तावीस. मी मोजले. आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ, वडील, पाच काका, दोन मामा, मी आजवर न पाहिलेला मामाचा एक मित्र, वॉर्डातून उभे राहायची इच्छा असलेले चार जण (निवडणुकीचा पत्ता नव्हता, इच्छा मात्र तयार होती), उरलेल्या जागेत जिल्ह्याचे, राज्याचे आणि देशाचे नेते. यांतल्या शेवटच्या गटाला आमचा धाकटा ओळखत नाही. तेही त्याला ओळखत नसावेत.

आणि मी? मी आहे ना. बाळाच्या डाव्या काखेतून एक हात बाहेर आलाय, हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेला, कोपराच्या अलीकडे कापलेला. तो माझा.

फ्लेक्सवाले भाऊ ह्यांचे शाळासोबती. विचारलं, तर अगदी मनापासून म्हणाले, “वहिनी, हात काढूनच टाकणार होतो. पण काढला की बाळ हवेत लटकल्यासारखं दिसे. म्हणून राहू दिला.”

मी समाजशास्त्रात एम. ए. केलंय. कुटुंबसंस्थेवर दोन पेपर होते. भाऊंचं हे वाक्य तेव्हा हाताशी असतं तर एवढं पाठांतर करावं लागलं नसतं.

मुलाच्या आयुष्यातले टप्पे दोन प्रकारचे असतात, हे मला दोन मुलगे झाल्यावर कळलं. एक फ्लेक्सचे आणि दुसरे बिनफ्लेक्सचे. पहिल्या प्रकारात बारसं, उष्टावण, बोरन्हाण, जाऊळ, वाढदिवस. यांना माणसं येतात, आचारी लागतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकात कुणाचा तरी मान असतो. नाव ठेवायचा मान आत्याचा. उष्टावणाचा मान मामाचा. जाऊळ काढायला मांडी मामाची, केस झेलायला ओचा आत्याचा. आईकडे काय, तर बाळ रडलं की घ्यायचं आणि गप्प झालं की परत द्यायचं.

दुसऱ्या प्रकारातल्या टप्प्यांना कुणी येत नाही. जन्मल्याबरोबर बीसीजी. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची इंजेक्शनं. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचं. तिथे मामा मांडी घेऊन येत नाही. सिस्टर सांगतात, आज रात्री ताप येईल, आणि ताप हा घरातला सगळ्यात वक्तशीर पाहुणा, येतोच. दवाखान्यातल्या त्या माता व बाल संरक्षण कार्डावर मात्र पहिली ‘माता’ असते, मग बाल. वडिलांना शीर्षकात जागाच नाही. रात्री कोण जागणार आहे याचा अंदाज सरकारला आपल्या नातेवाइकांपेक्षा बरा आहे.

जाऊळ आम्ही चैत्रात काढलं, धुळ्याला पांझरेकाठच्या एकवीरादेवीला. निम्म्या खान्देशची जावळं तिथे निघतात. आम्ही राहतो जळगावला. जळगावहून थेट धुळ्याला रेल्वे नाही. सुरतेचा मार्ग अमळनेर-नंदुरबारकडून जातो आणि धुळ्याचा फाटा चाळीसगावहून निघतो. तेव्हा एरंडोल, पारोळा करत एसटी. हे आचाऱ्याचं बघायला म्हणून मित्राच्या गाडीतून पुढे गेले. एसीत. मी, दोन मुलं, सासूबाई, तीन पिशव्या आणि एक पाण्याचा थर्मास मागून.

कंडक्टरने माणसं मोजली आणि हिशोब सुरू केला. सासूबाई पंच्याहत्तरच्या वर, म्हणजे अमृत ज्येष्ठ नागरिक, फुकट. धाकटा पाचाच्या आत, फुकट. थोरला सहा वर्षांचा, अर्धा. आणि १७ मार्च २०२३ पासून बाई कुठल्याही वयाची असो, अर्धी. चार माणसं मिळून आम्ही एक पूर्ण तिकीट भरलो. कंडक्टर म्हणाला, “ताई, तुम्ही न् हा पोऱ्या सारखेच.” थोरल्याला ते फार आवडलं. पारोळ्यापर्यंत तो मला ‘ए अर्धी’ म्हणत होता.

जाऊळ छान झालं. बाळ मामाच्या मांडीवर, नाभिकदादांच्या हाती वस्तरा, आत्याचा ओचा पसरलेला, काका मोबाइल धरून. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी दीडशे पानांची. पहिला वस्तरा लागताच बाळाने जो टाहो फोडला त्याने देवीसुद्धा दचकली असेल. मग सगळे एकाच सुरात म्हणाले, “त्याच्या आईला बोलवा.” मी लांब कुठे नव्हते, मामाच्या मागेच उभी होते. फोटोत मावत नव्हते म्हणून बाजूला केलं होतं. मी पुढे झाले आणि मामाच्या मांडीवर बसलेल्या बाळाला काखेत हात घालून धरलं. फ्लेक्सवरचा हात तो हाच. फेटा दिसतोय तो खालचं ताजं टक्कल झाकायला.

आता महिन्या-महिन्याचेही वाढदिवस निघालेत. बाळ निजवायचं, शेजारी महिन्याचा आकडा मांडायचा. पुण्याकडे फुलांचा मांडतात म्हणे, आम्ही जळगावचे. आमच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आम्ही आकडा केळ्यांचा मांडतो. एक सोपा, सात जमतो. आठ करून बघा. केळं तेवढं वाकत नाही, मोडतं. आठव्या महिन्याच्या फोटोत बाळाशेजारी जे आहे ते शिकरणाच्या आधीची अवस्था वाटते. नवव्या महिन्याचा नऊ थोरल्याने फोटोआधीच खाल्ला, त्यामुळे आमचा धाकटा आठानंतर एकदम दहा महिन्यांचा झाला.

एका फोटोग्राफरने ढगांवरचं बाळ सुचवलं. ढगासाठी कापूस हवा होता. कापसाला खान्देशात काय तोटा! मोठ्या सासऱ्यांच्या घरी पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला होता, भाव येईल म्हणून ठेवलेला. बाळाला त्यावर निजवलं, फोटो स्वर्गीय आला आणि रात्री अंगभर पुरळ. जिनिंगला न गेलेल्या कापसात पाचोळा असतो, किडे असतात, हे त्या घरातल्या पोरांना सांगावं लागत नाही. भाव येईपर्यंत ती त्याच्याच कडेने झोपतात. त्यांचा फोटो कुणी काढत नाही, आणि भावही काही आला नाही.

वाढदिवसाला गल्लीतल्या एक काकू आल्या. धाकट्याची दृष्ट काढत म्हणाल्या, “नशीब काढं व माय! दोन्ही आंडोर शेतस!” हे मला थोरल्यानंतर एकपट आणि धाकट्यानंतर चौपट ऐकायला मिळालंय, जणू काही मी बोर्डात आले. त्याच काकू जेवून हात धुताना हळूच म्हणाल्या, “एक पोर जोयजे व, म्हातारपणमा ईचाराले.” आंडोर म्हणजे मुलगा, पोर म्हणजे मुलगी, आणि दोन्ही वाक्यं त्या मनापासून बोलल्या. दोहोंच्या मध्ये फक्त तीन बट्ट्या होत्या. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८४२. राज्याचा आकडाही भूषणावह नव्हता, ८९४, पण आम्ही त्याच्याही खाली. ही मुलं आज लग्नाच्या वयाला येऊ लागलीत आणि त्यांच्या आया वधू-वर मेळाव्यांतून फिरतायत. ज्यांनी पहिल्या वाढदिवसाला ‘छोटे सरकार’ छापलं, त्यांना आता सरकार चालवायला बाई मिळेना. याचा फ्लेक्स निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आमच्या भागाने आईचा सन्मान केलाच नाही, असं मात्र म्हणू नका. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. महाराष्ट्राला रडवणारं ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आईवर सलग विचार करायला मुलाला तुरुंगाइतका निवांतपणा दुसरीकडे मिळत नाही, अशी मला शंका आहे. त्या आईचं नाव यशोदा. पण मुखपृष्ठावर ती श्यामचीच, तिथेसुद्धा बाळ पुढे आणि आई प्रत्ययाला.

दुसरी आमची बहिणाबाई. जन्म असोद्याचा, सासर जळगावचं, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात गाणं सुचायचं ते घरातल्या पोरांनी टिपून ठेवलं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी आणि आचार्य अत्र्यांच्या ओळखीतला, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ती ३ डिसेंबर १९५१ ला गेली होती. २०१८ मध्ये आमच्या विद्यापीठाला तिचं नाव मिळालं. म्हणजे खान्देशात आईचं नाव फलकावर लागतं, नाही असं नाही. मुलगा कवी निघावा लागतो, त्याची अत्र्यांशी ओळख असावी लागते आणि वर सदुसष्ट वर्षं थांबायची तयारी लागते. माझा थोरला सध्या जेसीबी चालवणार म्हणतोय.

सरकारला एवढं थांबवलं नाही. १ मे २०२४ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आता आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. धाकटा त्यानंतर अकराव्या दिवशी झाला. जन्मदाखला आला, त्यात मी होते, अख्खी, कोपराच्या पलीकडेही. घरात सगळ्यांनी तो हातोहाती वाचला. सासरे मोठ्या मनाचे, म्हणाले, “चांगलंय. फक्त नाव फार लांबलं. फ्लेक्सवर मावायचं नाही.” आणि छापताना मधला एक शब्द गाळला. कुठला ते तुम्हाला कळलं.

थोरला आता दुसरीत आहे, सगळं वाचतो. दोन्ही दाखले शेजारी ठेवून त्याने विचारलं, “ह्याच्या नावात तू आहेस, माझ्या नावात का नाही?” म्हटलं, तू आधी जन्मलास. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, “पण तू तेव्हापण होतीस ना?”

होते. बारशापासून जावळापर्यंत सगळ्या फोटोंत आहे. कुठे पदर आहे, कुठे कोपर. एका ठिकाणी नुसती सावली आहे.

आठ दिवसांनी फ्लेक्स उतरवला. बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने कितीही कान उपटले तरी आमच्याकडे फ्लेक्स उतरतो तो पुढच्याच्या वाढदिवसाला जागा हवी म्हणून. मी तो घडी करून जळगावला आणला. मिरगाच्या आधी कुरडयांचा शेवटचा घाणा राहिला होता. गच्चीवर फ्लेक्स उलटा अंथरला, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि सत्तावीस चेहरे खाली घालून त्यांच्या पाठीवर साच्याने कुरडया पाडल्या. छोटे सरकार शेजारी सावलीत चीक चाटत होते.

बायांनो, जुने फ्लेक्स भंगारात देऊ नका. दहा बाय आठच्या फ्लेक्सवर पाच किलो गव्हाच्या कुरडया आरामात बसतात. फक्त छापलेली बाजू खाली ठेवा. उन्हात पुढाऱ्यांचा रंग सुटतो.